जखमी हॅमस्टर: आधी पेटी, मग पट्टी

हॅमस्टर हातातून पडला, मांजरानं धरला किंवा चाकात पाय अडकला की घरात एकच धांदल उडते. कोणी हळद आणतं, कोणी डेटॉल शोधतं, कोणी चमच्यानं दूध पाजायला बसतं. मुलं रडत रडत त्याला आळीपाळीनं हातात घेतात. तासाभरात तो गार पडतो आणि सगळे म्हणतात, मार फार जबर होता. पुष्कळदा मार तेवढा जबर नसतोच. जीव जातो तो धक्क्यानं, उकाड्यानं नाहीतर गारठ्यानं, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी चुकीच्या औषधानं.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे: अंधारी पेटी, तापमान, रक्त थांबवणं, नजरेनं तपासणी, डॉक्टरांना फोन आणि शेवटी जखमेची सफाई. आपल्याकडे हा क्रम हमखास उलटा होतो.

एक हिशेब डोक्यात ठेवा. सीरियन हॅमस्टर साधारण १०० ते १५० ग्रॅमचा, ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातीचा ३० ते ५० ग्रॅमचा आणि त्यातलाच सगळ्यात छोटा रोबो (रोबोरोव्स्की) तर जेमतेम २०-२५ ग्रॅमचा. अंगातलं रक्त वजनाच्या ७-८ टक्के. म्हणजे १२० ग्रॅमच्या प्राण्यात सगळं मिळून ८-९ मिली, चहाचे दोन लहान चमचेही नीट भरणार नाहीत. माणसाच्या मानानं क्षुल्लक वाटणारं रक्त त्याच्यासाठी क्षुल्लक नसतं, आणि माणसाच्या मापानं दिलेलं औषधही नसतं.

## तयारी: हॅमस्टर धडधाकट असतानाच

या वस्तू एका डब्यात भरून पिंजऱ्याजवळ ठेवा. रात्री ११ वाजता मेडिकल उघडं सापडत नाही आणि हॅमस्टर रात्रीच जागा असतो, त्यामुळे अपघातही रात्रीच होतात.

- झाकणाचा, भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. साधारण फूटभर लांब पुरे. पुढे ‘पेटी’ म्हटलंय ती हीच. पुठ्ठ्याचा खोका तो तासाभरात कुरतडून बाहेर येतो.
- बिनवासाचा पांढरा टिश्यू पेपर, भरपूर.
- निर्जंतुक गॉझची पाकिटं.
- नॉर्मल सलाईनची १०० मिलीची बाटली. एकदा उघडली की उरलेली दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची.
- पोव्हिडोन आयोडीनचं सोल्यूशन, म्हणजे बेटाडीन. मलम नको, पातळ औषधच हवं.
- १ मिलीच्या दोन-तीन सिरिंज, सुई काढून.
- चिमूटभर कॉर्नफ्लोअर.
- खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर.
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा.

काट्यावर लोक हटकून कंजुषी करतात. पण निरोगी असतानाचं वजन लिहिलेलं नसेल तर आजारपणात किती घटलं हे कळायला मार्ग नाही, आणि डॉक्टरांना औषधाचा हिशेबही वजनावरच करावा लागतो. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा चालतो. जळगावात सोन्याचे काटे गल्लोगल्ली आहेत, पण त्यावर हॅमस्टर ठेवू देणारा सराफ मिळणं तुमच्या ओळखीवर अवलंबून.

इशारा: कापूस नको. खानदेशातल्या घरात कापूस कुठे ना कुठे असतोच, आणि ‘मऊ आहे, ऊब राहील’ म्हणून तोच पिंजऱ्यात घातला जातो. त्याचे तंतू बोटांना आणि पायाला गुंडाळले जातात, रक्त अडतं आणि पाय काळा पडतो. गिळला तर आतड्यात अडकतो. जखमेवर ठेवला तर रक्तात चिकटतो आणि काढताना खपली घेऊन निघतो. वखारीतला लाकडी भुसाही या काळात नको. त्याची धूळ जखमेत बसते आणि नाकातही जाते.

## पायरी १: उचलणं आणि पेटीत ठेवणं

आधी खोलीचं दार लावा, पंखा बंद करा, मांजर-कुत्रं बाहेर काढा. मग जमिनीवर बसा. उभ्यानं किंवा पलंगावर बसून जखमी हॅमस्टर उचलायचा नाही. दुखऱ्या जागी बोट लागलं की तो उसळी मारतो आणि पहिल्या पडण्यात वाचलेलं हाड दुसऱ्या पडण्यात मोडतं.

दोन्ही तळव्यांची ओंजळ करून खालून अलगद उचला. तो चावेल असं वाटत असेल तर हातरुमालात सैल गुंडाळून घ्या किंवा स्टीलची वाटी आडवी धरून आत सरकू द्या. मानेची कातडी घट्ट आवळून उचलायची पद्धत काहींनी पाहिलेली असते. डोक्याला किंवा डोळ्याला मार असेल तर ती मुळीच वापरू नका. हॅमस्टरचा डोळा उथळ खोबणीत असतो, कातडी ताणली गेली की तो बाहेर येऊ शकतो.

चावलाच तर हात झटकू नका. हात जमिनीला टेकवा, तो आपसूक सोडतो. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारा. कोण चावलं हेही त्यांना स्पष्ट सांगा. नुसतं ‘उंदरासारखं काहीतरी’ म्हणालात तर त्यांचाही गोंधळ होतो.

पेटीत टिश्यूचे फाडलेले तुकडे ४-५ सेंटीमीटर जाड पसरा, त्याच्या घरट्यातलं थोडं जुनं पण कोरडं अंथरूण टाका म्हणजे ओळखीचा वास राहील, आणि झाकणावर कपडा टाकून अंधार करा. भोकं झाकली जाऊ देऊ नका. आत चाक नको, खेळणी नकोत, पाण्याची वाटीही आत्ता नको.

रक्त ठिबकत असेल तर लगेच पायरी ३ कडे जा. नसेल तर २० मिनिटं पेटी उघडायची नाही. हे सगळ्यांना जड जातं. मुलांना सांगायचं तर घड्याळ हातात द्या, त्यांना काम मिळतं.

## पायरी २: तापमान

ही पायरी खानदेशात सगळ्यात महत्त्वाची, आणि पुस्तकातला सल्ला इथेच फसतो. धक्क्यातल्या लहान प्राण्याला ऊब द्या, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे, पण थंड प्रदेशात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी ७ लाही ३८ अंश असताना गरम पाण्याची बाटली लावली तर हॅमस्टर उष्माघातानं जाईल.

निरोगी हॅमस्टरला २० ते २४ अंश मानवतात. जखमी असेल तर २४ ते २७ ठेवा. ३० च्या वर गेलं की काळजीचं, ३२ च्या पुढे धोक्याचं. आधी थर्मामीटर पाहा, मग काय ते ठरवा.

उन्हाळ्यात: घरातली सगळ्यात आतली, तळमजल्यावरची खोली निवडा. मातीच्या सपाट छपराचं, धाब्याचं घर असेल तर प्रश्न निम्मा सुटतो. पेटी कूलरच्या झोतात ठेवायची नाही. कूलर खोली गार करेल एवढंच पुरे. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, एकाच बाजूला टेकवून ठेवा, म्हणजे त्याला नको वाटलं तर दुसऱ्या टोकाला सरकता येईल. अशा दोन बाटल्या आलटून पालटून फ्रीजरमध्ये असू द्या. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. फुटक्या माठाचा किंवा मांडे भाजायच्या जुन्या खापराचा तुकडा कडा घासून, पाण्यात भिजवून, पुसून पेटीच्या कोपऱ्यात ठेवला तर तो त्यावर पोट टेकून पडतो. बर्फ थेट अंगाला लावू नका आणि गार पाण्यात बुडवू नका.

हिवाळ्यात: धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा मात्र ऊब हवीच. कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून पेटीच्या अर्ध्या भागाखाली ठेवा. गुंडाळलेली बाटली आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. चटका बसला तर अजून एक वेढा द्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कडाक्याच्या थंडीत हॅमस्टर कधी कधी सुप्तावस्थेत जातो: अंग गार, लुळं, श्वास इतका मंद की दिसतच नाही. मेला समजून त्याला पुरायची घाई होते. मिशांकडे बघा, आरसा नाकाजवळ धरा, उबेत दोन-तीन तास ठेवा. मरणानंतर अंग ताठर होतं, सुप्तावस्थेत सैल राहतं.

तपासणी: पेटीत तो शांत झाल्यावर बाजूनं बघून श्वास मोजा. १५ सेकंदांत छाती किती वेळा हलली ते मोजून चारनं गुणा. ३५ ते १३५ हे सर्वसाधारण. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, श्वासाला टकटक असा आवाज असेल किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर पुढच्या पायऱ्या थांबवा आणि थेट डॉक्टरांना फोन करा.

## पायरी ३: रक्त थांबवणं

सलाईननं भिजवून पिळलेला गॉझ जखमेवर ठेवा आणि बोटाच्या टोकानं हलकासा दाब द्या. सलग ५ मिनिटं, घड्याळ लावून. मधे उचलून बघायचं नाही. ‘थांबलं का’ म्हणून दर अर्ध्या मिनिटाला गॉझ उचलणाऱ्याचं रक्त थांबतच नाही, कारण प्रत्येक वेळी धरू लागलेली गुठळी निघून येते. दाब छातीवर येऊ देऊ नका. छाती आवळली गेली की त्याला श्वास घेता येत नाही.

नख तुटलं असेल तर कॉर्नफ्लोअरमध्ये बोट टेकवून धरा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. उघड्या, खोल जखमेत मात्र कॉर्नफ्लोअर भरायचं नाही. पायाला दोरा किंवा रबर बांधायचा नाही, त्यानं पाय जातो. चुना, तंबाखूची पूड, बिडीची राख हे गावाकडचे इलाज माणसाच्या बोटालाही बरे नाहीत. हॅमस्टर ते चाटतो, आणि तंबाखूतलं निकोटीन एवढ्याशा जिवाला विषच.

दोन वेळा ५-५ मिनिटं दाबूनही रक्त येतच असेल तर दाब तसाच ठेवून निघा. रक्ताचे डाग पडलेले टिश्यू टाकू नका, त्यांचा फोटो काढा. किती गेलं याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरूनच येतो.

## पायरी ४: नुसतं बघणं

काचेच्या भांड्यात किंवा पारदर्शक डब्यात ठेवून चारी बाजूंनी आणि खालूनही पाहा. हात लावण्याआधी त्याची चाल बघा. कुठला पाय टेकत नाही? मागचे दोन्ही पाय ओढतोय का? मान एका बाजूला कलली आहे का? दोन्ही डोळे एकसारखे उघडे आहेत का? मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. दवाखान्यात गेल्यावर तो भेदरून गोळा होऊन बसतो आणि काहीच दाखवत नाही.

जखम नसलेल्या गोष्टींना जखम समजून औषध लावणं ही या पायरीवरची नेहमीची चूक:

- सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळपट, थोडे उंच डाग असतात. त्या वासाच्या ग्रंथी. दोन्हीकडे सारख्याच असतील तर त्यांना हात लावू नका. ड्वार्फला अशीच ग्रंथी पोटावर असते.
- नराच्या शेपटीजवळची मोठी गोल सूज बहुधा गाठ नसते, ते वृषण असतात. उन्हाळ्यात ते जास्तच दिसतात.
- मादीला दर चार दिवसांनी पांढरट, चिकट स्राव येतो. तो पू नव्हे. वास येत असेल किंवा रक्त मिसळलेलं असेल तर मात्र दाखवा.
- गाल फुगलेला असेल तर आधी तिथे दाणे भरलेत का पाहा. दिवसभरानंतरही एकच गाल फुगलेला असेल तर गालाची पिशवी अडकली असेल किंवा आत गळू असेल. बोट घालून काढायला जाऊ नका. तोंडाबाहेर गुलाबी, ओलसर मांसासारखं काही लटकत असेल तर ती उलटलेली पिशवी. सलाईननं ओली ठेवा आणि तातडीनं निघा.

तपासणी: दोन हॅमस्टर एकाच पिंजऱ्यात असतील तर दुसऱ्यालाही असंच तपासा आणि आजच वेगळं करा. दुकानदार ‘जोडी’ म्हणून विकतात, पण सीरियन हॅमस्टर वयात आले की एकटेच राहतात. भांडणात झालेल्या जखमा फरखाली लपतात आणि चार-सहा दिवसांनी गळू होऊन वर येतात.

## पायरी ५: डॉक्टर

मांजराचा दात लागला असेल तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसत असली तरी त्याच दिवशी डॉक्टर. मांजराचे दात बारीक आणि लांब असतात, वरून भोक मिटतं आणि आत जंतू राहतात. मागचे पाय ओढणं, हाड बाहेर दिसणं, डोळा बाहेर येणं, झटके, तोंडाने श्वास, १२ तासांत लघवी न होणं, २४ तासांत काहीच न खाणं, यातलं काहीही असेल तरी त्याच दिवशी.

खरी अडचण डॉक्टर मिळण्याची. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरं-शेळ्यांची रांग असते. १९६२ या क्रमांकाची फिरती सेवाही मुख्यतः पशुधनासाठी आहे. म्हणून जायचंच नाही असं नव्हे. वेदना कमी करणं, जखम बघणं, दुखापत किती गंभीर आहे ते ओळखणं हे कुठलाही पशुवैद्य करू शकतो. पण आधी फोन करा आणि सरळ विचारा: ‘डॉक्टर, हॅमस्टरला अमोक्सिसिलिन चालतं का?’ ‘नाही, मुळीच नाही’ असं उत्तर आलं तर जा. ‘हो, देऊ की थोडं’ असं आलं तर आभार मानून दुसरा नंबर लावा. कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने जळगाव-धुळ्यात आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. तिथे जमलं नाही तर धुळ्याहून नाशिक, जळगावहून छत्रपती संभाजीनगर आणि नंदुरबारहून सुरत, ही तिन्ही अंतरं साधारण १५० किलोमीटरच्या घरातली.

फोनवर या क्रमानं सांगा: जात आणि वय, वजन ग्रॅममध्ये, काय झालं आणि किती वाजता, रक्त किती गेलं, चालतो कसा, शेवटचं खाल्लं कधी, आतापर्यंत काय लावलं किंवा पाजलं. शेवटचा मुद्दा लपवू नका. हळद लावली असेल तर हळद लावली म्हणून सांगा.

प्रवास: उन्हाळ्यात पहाटेच निघा. पेटी मांडीवर, मोटरसायकलच्या टाकीवर नको. एसटीत इंजिनाजवळची आणि उन्हाच्या बाजूची जागा टाळा. आत पाण्याची बाटली सांडते आणि तो भिजतो, त्याऐवजी काकडीची जाड चकती ठेवा. दवाखान्याच्या रांगेत कोणी ना कोणी डोकावून ‘हाऊ उंदीर शे का?’ विचारणारच. उत्तर द्या, पण झाकण उघडून दाखवू नका.

कधी डॉक्टर सांगतात की यातून हा बरा होणार नाही, त्याला शांतपणे झोपवणं बरं. पाठीचा कणा मोडलेला आणि लघवी अडलेली असेल तर हा सल्ला निर्दयपणाचा नसतो. घरी कोणी काही करून ‘सोडवण्याचा’ प्रयत्न मात्र करू नये.

## पायरी ६: जखम साफ करणं

डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर, आणि जखम वरवरची असेल तरच, घरी साफ करा. प्राण्याला रुमालात गुंडाळून जखमेपुरता भाग उघडा ठेवा. सिरिंजमध्ये कोमट सलाईन घेऊन थेंब थेंब सोडा, पिचकारी मारू नका. चिकटलेले टिश्यूचे कण भिजून आपोआप सुटतात, ओढायचे नाहीत. मग बेटाडीन पाण्यात इतकं पातळ करा की रंग कोऱ्या फिक्या चहासारखा दिसेल. त्यात गॉझ बुडवून, पिळून, जखमेवर टेकवा. अर्ध्या मिनिटानं कोरड्या गॉझनं टिपा. दिवसातून एकदा, जास्तीत जास्त दोनदा. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांत उरका. आजूबाजूचे केस कापायचे असतील तर ते काम डॉक्टरांकडे द्या. कातडी कागदासारखी पातळ असते, कात्री लागते.

पट्टी बांधायची नाही. तो ती रात्रीतून कुरतडतो, आणि जेवढी गिळेल तेवढी आतड्यात अडकायचा धोका.

### काय लावायचं नाही, काय पाजायचं नाही

नियम एकच: जे अंगावर लावाल ते पोटात जाणार. हॅमस्टर दिवसातून अनेकदा अंग चाटून साफ करतो. या कसोटीवर घरातल्या निम्म्या बाटल्या बाद होतात.

डेटॉल चाटल्यावर तोंड आणि घसा भाजतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नवी येणारी कातडी जाळतात. हळदीचा लेप वाळून कडक कवच होतो आणि त्याखाली पू साचतो. वरून सगळं छान पिवळंधमक दिसतं, म्हणून कोणाला संशयही येत नाही. दुखण्यावरची वासाची मलमं, कापूर, टर्पेंटाइन हे सगळं वर्ज्य. गोठ्यातला गुरांच्या जखमेवरचा स्प्रेही नको. तो ४०० किलोच्या बैलाचा विचार करून बनवलेला असतो.

आता प्रतिजैविकं. यावर मी जरा अडून बसणार आहे, कारण जखम भरत आलेले हॅमस्टर इथेच जातात. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमोक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. मग घातक जंतू वाढून विष सोडतात, जुलाब लागतात आणि काही दिवसांत प्राणी मरतो. लहान मुलांचं अमोक्सिसिलिनचं गोड सिरप घरोघरी फ्रीजमध्ये उरलेलं असतं, आणि ‘बाळाला चालतं तर याला का नाही’ हा विचार स्वाभाविक वाटतो. तो चुकीचा आहे. एका थेंबाचाही प्रयोग नको. अँटिबायोटिक पावडर आणि मलमंही चाटून पोटातच जातात, तीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. हॅमस्टरला चालणारी प्रतिजैविकं आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन त्यापैकी एक, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती ठरवणं डॉक्टरांचं काम.

वेदनेचंही तसंच. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरच्या अंदाजानं देऊ नका. गोळीचा ‘बारीक तुकडा’ म्हणजे ४० ग्रॅमच्या प्राण्याला किती पट होतो याचा हिशेब कोणी करत नाही.

## पायरी ७: हाड, डोळा, अळ्या

हाड. तारांच्या चाकात किंवा गजांत अडकून मोडतं ते बहुधा मागच्या पायाच्या नडगीचं. आईस्क्रीमची काडी बांधून आधार द्यायला जाऊ नका. तो काडी कुरतडतो आणि दुखरा पायही चावतो. बंद मोड बहुतेक वेळा विश्रांतीनं ३-४ आठवड्यांत जुळतो, थोडा वाकडा जुळला तरी त्याचं अडत नाही. हाड बाहेर आलं असेल तर डॉक्टर कधी कधी पाय काढायला सांगतात. तीन पायांवर हॅमस्टर उत्तम जगतो.

डोळा. बाहेर आला असेल तर आत ढकलू नका. सलाईननं दर काही मिनिटांनी ओला ठेवा आणि निघा. नुसता चिकटला असेल तर कोमट सलाईनचा गॉझ मिनिटभर ठेवून अलगद पुसा. माणसांचे उरलेले डोळ्यांचे थेंब वापरू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची जखम चिघळते.

अळ्या. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या पडू शकतात. पेटीला बारीक जाळी लावा, ओलं अंथरूण लगेच बदला. अळ्या दिसल्याच तर त्याच दिवशी डॉक्टर.

## पायरी ८: खाणं-पिणं

पहिला तास-दोन तास काही नको. मग खाणं तोंडाजवळ ठेवा आणि लांब व्हा. त्याचं नेहमीचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेलं सगळ्यात बरं. नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, बिनमिठाचा शिजवलेला दलिया किंवा दादर ज्वारीच्या पिठाची पातळ, बिनमिठाची पेज. बाजरीचे चार दाणे समोर टाकले तर भूक आहे की नाही ते कळतं. कांदा-लसणाची फोडणी असलेलं काही नको, शेव-फरसाण नको, लिंबू-संत्रं नको, दूध नको. केळं नखाएवढं चालेल सीरियनला. ड्वार्फला मधुमेह लवकर होतो, त्याला तेही नको. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहून हे पाळणं अवघड आहे खरं, पण घरात केळीचा घड आहे म्हणून त्याला द्यावाच असं नाही.

निरोगी हॅमस्टर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण १० मिली पाणी पितो. पाय दुखावलेल्याला नेहमीच्या उंचीवरची बाटली गाठता येत नाही. ती नाकाच्या पातळीपर्यंत खाली आणा, काकडीचा तुकडाही ठेवा. सिरिंजनं द्यावंच लागलं तर त्याला चार पायांवर बसू द्या, ओठाच्या कडेला एक थेंब धरा, त्यानं चाटला की दुसरा. उताणं करून तोंडात पिचकारी मारली की पाणी फुप्फुसात जातं. बेशुद्ध किंवा लुळा असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही.

तपासणी: सकाळी लेंड्या मोजा. कमी झाल्या, लहान झाल्या की खाणं पोटात जात नाही हे समजायचं. शेपटीखाली ओलं, दुर्गंधीचं दिसलं तर थांबू नका. असा जुलाब हॅमस्टरला दोन दिवसांतही संपवतो.

## पायरी ९: पुढचे तीन-चार आठवडे

मोठा पिंजरा बाजूला ठेवा. सपाट तळाचा, एकमजली, गज नसलेला डबा घ्या. चाक, शिडी, रेतीचं भांडं सगळं बाहेर. रेती जखमेत जाते. अंथरूण टिश्यूचंच, रोज बदलायचं, पण घरट्याचा एक कोरडा पुंजका तसाच ठेवायचा. सगळंच धुऊन काढलं की तो बेचैन होतो.

रोज संध्याकाळी तो उठल्यावर, एकाच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. आधीच्या वजनाच्या १० टक्के घट झाली तर डॉक्टरांना कळवा, मग जखम कितीही छान दिसत असो. दिवसा झोपेतून उठवून पाहुण्यांना दाखवणं या काळात बंद.

जखमेचा रोज एक फोटो त्याच अंतरावरून काढा. कडा गुलाबी आणि कोरड्या होत असतील तर ठीक. सूज, उष्णता, पिवळट पू, वास, किंवा तो एकच जागा सारखी चावत असेल तर परत दाखवा. डॉक्टरांनी औषधाचे जितके दिवस सांगितले तितके पूर्ण करा.

परत मोठ्या पिंजऱ्यात सोडताना तारांचं चाक भंगारात द्या. पाय अडकणार नाही असं सलग पृष्ठभागाचं चाक घ्या, सीरियनला साधारण २८ सेंटीमीटर व्यासाचं, ड्वार्फला २० चं. वरचे मजले काढा किंवा खाली इतकं अंथरूण भरा की पडण्याची उंची वीतभरापेक्षा जास्त राहणार नाही. एक पाय काढलेला असेल तर बाटली कायमची खालीच ठेवा, आणि ज्या बाजूचा मागचा पाय नाही त्या बाजूचा कान तुम्हीच अधूनमधून ओल्या गॉझनं पुसा. तिकडे त्याला खाजवता येत नाही.